पित्ताशयातील खडे, शस्त्रक्रियेची तारीख आणि रुखवताच्या ऑर्डरी

इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहणाऱ्या बावन्न वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. त्या घरूनच फराळाचा आणि रुखवताच्या पदार्थांचा व्यवसाय करतात. श्रावणात एका रात्री पोटात असह्य दुखू लागले म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात अनेक खडे आढळले आणि सर्जनांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला. पहिली तारीख गौरी-गणपतीमुळे आणि दुसरी दिवाळीच्या ऑर्डरींमुळे त्यांनी स्वतःच पुढे ढकलून घेतली. आता तिसरी तारीख मार्गशीर्षाच्या अखेरीची आहे. तुळशीचे लग्न लागताच लग्नसराई सुरू झाली असून, 'संक्रांत होऊन जाऊ दे, मग पाहू' असे त्यांचे पती म्हणतात. दरम्यान झटके वाढले आहेत. उजव्या बरगडीखाली दुखायला लागते, दुखणे पाठीतून उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते आणि दोन-तीन तासांनी ओसरते. वेदनाशामक गोळीने दुखणे दबले तर आत काही बिघडल्याचे कळणार नाही, अशी भीती असल्यामुळे त्या गोळी घेत नाहीत. रात्रीचे जेवण त्यांनी पूर्ण सोडले असून एका महिन्यात त्यांचे वजन सात किलोंनी उतरले आहे. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. जाऊबाईंनी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा उपाय सुचवला आहे, शेजारणीने कुळथाचा काढा, तर सासूबाईंचा शस्त्रक्रियेलाच विरोध आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, 'ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी कसे सहन करू? आणि पथ्य नीट पाळले तर ऑपरेशन टळेल का?'

ताई,

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात सर्जनांचा सल्ला आहे, पतींचे म्हणणे आहे, सासूबाईंचे, जाऊबाईंचे आणि शेजारणीचेही आहे. मात्र झटके वाढल्याचे तुम्ही सर्जनांना कळवले आहे, असे एकही वाक्य मला त्यात सापडले नाही. त्यांनी तुम्हाला श्रावणात तपासले आणि त्या वेळच्या त्रासाच्या अंदाजाने तारखा दिल्या. दिवाळीच्या पंधरवड्यात तुम्ही किती रात्री भिंतीला टेकून बसून काढल्या, हे त्यांना ठाऊकच नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो प्रश्नच थोडा बदलावा, असे मला वाटते. शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागणे ही एक गोष्ट आहे आणि त्या काळात दुखणे मुकाट्याने सोसणे ही दुसरी. पहिली कदाचित टाळता येणार नाही. दुसरी तुमच्यावर कोणीही सोपवलेली नाही. या आठवड्यातच सर्जनांची भेट घ्या. मी तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्या भेटीला जाताना उपयोगी पडावे म्हणून. त्या भेटीची जागा ते घेऊ शकत नाही.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिले आहे की, 'चकलीचा एक तुकडा चाखला की रात्री शिक्षा मिळते.' या वाक्याने मला अस्वस्थ केले, कारण प्रत्येक झटका ही आपलीच चूक आहे असे तुम्ही मनाशी ठरवून टाकलेले दिसते. शरीरात काय घडते ते पाहा. यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते आणि तेथे दाट होते. खाल्लेल्या अन्नातील स्निग्ध अंश लहान आतड्यात पोहोचला की एक संप्रेरक स्रवते आणि त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावून पित्त बाहेर सोडते. अशा वेळी एखादा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी बूच बसावे तसा अडकला, तर आतला दाब वाढतो आणि तुम्ही वर्णन केले आहे तसेच दुखणे सुरू होते. खडा मागे सरकला की ते ओसरते. तळलेल्या, तुपकट जेवणानंतर हे होण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण मऊ खिचडी खाऊन झोपलेल्या माणसालाही मध्यरात्री असा झटका येतो, कारण खडा कोणत्या क्षणी कोठे सरकेल हे ताटावर पूर्णपणे अवलंबून नसते. तुमचा व्यवसायच कढईपाशी उभे राहण्याचा आहे. पदार्थ चाखून पाहणे हा त्या कामाचा भाग आहे. खडे होण्यामागे वय, स्त्रीदेहातील संप्रेरके, वजन, घराण्यातील कल अशी अनेक कारणे असतात, आणि उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेव्हा चकलीच्या तुकड्यासाठी स्वतःला दोष देणे आधी थांबवा. अपराधीपणामुळे माणूस दुखणे लपवतो, आणि या विकारात लपवाछपवी धोक्याची आहे.

आता गोळीविषयी. तुमच्या पत्रातील हाच समज मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो पुष्कळ घरांत आहे आणि त्यापायी पुष्कळ माणसे विनाकारण तळमळतात. पित्ताशयाच्या झटक्यावर डायक्लोफेनॅकच्या वर्गातील दाहशामक औषधे डॉक्टर सामान्यतः आधी विचारात घेतात. ती केवळ वेदना कमी करतात असे नाही; योग्य वेळी दिल्यास झटक्याचे रूपांतर पित्ताशयाच्या सुजेत होण्याचे प्रमाणही कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. योग्य मात्रेतील गोळीने कावीळ झाकली जात नाही आणि पोटाचा खरा दाहही सहसा लपत नाही. उलट, लिहून दिलेली गोळी घेऊनही दुखणे हटले नाही, तर तीच रुग्णालयात जाण्याची सूचना समजावी. म्हणजे जी खूण हरवेल अशी तुम्हाला भीती आहे, ती गोळीमुळे अधिक स्पष्ट होते. एका बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. पॅरासिटामॉलने आणि दाहशामक गोळ्यांनीही ताप उतरतो. म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवण्याची सवय करा.

याचा अर्थ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून स्ट्रिप आणून सुरू करा, असा अजिबात नाही. तुमचा रक्तदाब, त्यावरची रोजची गोळी, मूत्रपिंडांचे काम, पूर्वी जठरात व्रण झाला होता का, दमा आहे का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे सगळे पाहिल्याशिवाय दाहशामक औषध घेणे योग्य नाही. सर्जनांना स्पष्ट शब्दांत विचारा, 'झटका आला तर घरी कोणती गोळी, किती, किती तासांनी आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा घ्यायची, हे मला कागदावर लिहून द्या.' दुकानांत मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये दाहशामक औषध आणि पॅरासिटामॉल एकत्र असते. त्यावर आणखी तापाची गोळी घेतली की तेच औषध नकळत दुप्पट पोटात जाते. पॅरासिटामॉल सगळ्या गोळ्या मिळून प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये, आणि शरीर किरकोळ असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून खाली असते. पोटातील पेटका सैल करणारी ड्रोटाव्हेरिन किंवा डायसायक्लोमिनसारखी औषधेही आपल्याकडे सर्रास देतात. त्यांचा काहींना उपयोग होतो, पण दाहशामकांची जागा ती घेत नाहीत. आम्लपित्ताची गोळी रोज सकाळी घेतल्याने खड्याचे दुखणे थांबत नाही. श्रावणाआधी कित्येक महिने तुम्ही ती 'ॲसिडिटी' समजून घेत होतात, असे तुम्हीच लिहिले आहे.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी काही खाऊ नका. घोट घोट पाणी घ्या. आडवे पडून तळमळण्यापेक्षा टेकून बसणे किंवा घरातल्या घरात सावकाश चालणे बऱ्याच जणांना सोयीचे वाटते. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेवल्यास बरे वाटते; तिने खडा हलत नाही, पण माणसाला धीर येतो आणि तोही लागतोच. मुख्य म्हणजे घरातील एकाला तरी उठवा. दुखणे किती वाजता सुरू झाले हे पाहणारे दुसरे माणूस हवे, कारण वेदनेत असलेल्या माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही.

आता ज्या खुणा दिसल्यावर तारखेची वाट पाहायचीच नाही, त्या सांगतो. दुखणे पाच-सहा तास उलटले तरी थांबत नाही, किंवा लिहून दिलेल्या गोळीला दाद देत नाही, ताप १००.४ अंशांच्या वर गेला आहे किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली आहे. डोळे पिवळे दिसू लागले आहेत, लघवी कोऱ्या चहासारखी गडद आणि शौच पांढुरके होत आहे, अंगाला खाज सुटली आहे. उलट्या थांबत नाहीत. किंवा दुखणे पोटाच्या मध्यभागी अत्यंत तीव्र होऊन थेट पाठीत आरपार जात आहे, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जायचे. यांपैकी काही खुणा पित्ताशयाला सूज आल्याच्या असतात, काही खडा पित्ताच्या मुख्य नलिकेत उतरल्याच्या, तर शेवटची स्वादुपिंडाला सूज आल्याची असू शकते. हुडहुडीचा ताप, कावीळ आणि दुखणे या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर एक तासही घालवू नये. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. १०८ वर फोन करा किंवा घरच्यांना गाडी काढायला सांगा, आणि जाताना सोनोग्राफीचा अहवाल व चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. 'इतक्या रात्री कशाला सगळ्यांची झोपमोड', हा विचार आपल्या घरांतील बायकांच्या मनात प्रथम येतो, म्हणून आजच घरी सांगून ठेवा की या खुणा दिसल्या तर तुम्ही 'नको' म्हणालात तरी ऐकायचे नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तुमचे वय बावन्न आहे आणि रक्तदाब आहे. पोटाच्या वरच्या भागातील प्रत्येक दुखणे खड्याचेच असेल असे गृहीत धरू नका. दुखण्याबरोबर दरदरून घाम, धाप, छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ असे काही जाणवले, तर तो हृदयाचा त्रास असू शकतो आणि ताबडतोब ईसीजी काढायला हवा. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे दुखणे पुष्कळदा पोटदुखीसारखे भासते, आणि ज्या घरात 'हिला खड्यांचा त्रास आहे' हे सर्वांना माहीत असते तेथे ही चूक सहज होते.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तुम्ही चुकीच्या दिशेने फार पुढे गेला आहात. रात्रीचे जेवण सोडून महिन्यात सात किलो वजन उतरवणे हे पथ्य नव्हे. पोट फार वेळ रिकामे राहिले की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आतच साचून घट्ट होते. शिवाय वजन झपाट्याने, म्हणजे आठवड्याला साधारण दीड किलोपेक्षा अधिक वेगाने उतरले, तर नवे खडे होण्याचा धोका वाढतो. ज्या भीतीने तुम्ही जेवण सोडले, त्याच भीतीला त्यामुळे बळ मिळते आहे. इतक्या उतरलेल्या वजनाची गोष्टही सर्जनांना सांगायलाच हवी; त्यामागे दुसरे काही कारण नाही ना, हे ते पाहतील, आणि शस्त्रक्रियेला सामोरे जाताना शरीरात ताकदही हवी असते.

तेव्हा दिवसातून चार वेळा थोडे थोडे खा आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरका. तेल-तूप कमी करा, पण शून्यावर आणू नका. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पालेभाज्या, पातळ वरण, साय काढलेल्या दुधाचे ताक, फळे, हे सगळे चालते, आणि चमचाभर फोडणीनेही बिघडत नाही. इंदूरचे वाफेवरचे पोहे मुळात कमी तेलाचे असतात; वरची मूठभर शेव आणि शेजारची जिलबी वगळली तर सकाळच्या पोह्यांवर पाणी सोडण्याचे कारण नाही. मात्र थंडीत सुरू होणारे तळलेले गराडूचे कंद, कचोरी, तुपात बुडवलेले कणकेचे बाफले आणि रात्री दहानंतरची सराफा बाजारातली खाऊगल्ली हे शस्त्रक्रिया होईपर्यंत नकोच. उपवासाच्या दिवशी विशेष सांभाळा. दिवसभर काही न खाता संध्याकाळी दाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड खाणे, ही या विकारात फार वाईट जोडी आहे. मार्गशीर्षातील गुरुवार तुम्ही करत असाल, तर यंदा फळे, ताक आणि वरीचे तांदूळ थोड्या थोड्या वेळाने घ्या, किंवा उपवास न करता पूजा करा. देवीच्या पूजेत त्याने काही उणे पडत नाही, असे मला मनापासून वाटते.

पण आहाराकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट असावे. पथ्याने झटके कमी होतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. झालेले खडे मात्र पथ्याने जात नाहीत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. कुळथाचा काढा आणि भरपूर पाणी हे उपाय आपल्याकडे मुतखड्यासाठी सांगतात. मुतखडा मूत्रमार्गात असतो, पित्ताशय पचनसंस्थेचा भाग आहे, आणि कितीही पाणी प्यायले तरी ते पित्ताशयातून वाहत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या उपायाबद्दल मात्र मी केवळ 'उपयोग नाही' एवढ्यावर थांबणार नाही. तो करू नका. या प्रयोगानंतर शौचातून हिरवट, मऊ गोळ्या पडतात आणि माणसाला वाटते की खडे पडले. तपासणी केली असता त्या गोळ्या प्यायलेल्या तेलापासूनच आतड्यात तयार झालेल्या साबणासारख्या पदार्थाच्या निघाल्या आहेत. इतके तेल एकदम प्यायल्यावर पित्ताशय जोराने आकुंचन पावते, आणि खडे असताना तसे होणे म्हणजे झटक्याला आमंत्रण आहे. जाऊबाईंनी मायेने सुचवले असेल, तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. खडे विरघळवणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या खरोखर अस्तित्वात आहेत, पण त्या लहान, कोलेस्टेरॉलच्या, चुना न साचलेल्या खड्यांवरच आणि पित्ताशय नीट काम करत असेल तरच लागू पडतात. महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर पुष्कळांना खडे पुन्हा होतात. तुम्ही त्यात बसता का, हे सर्जनांना जरूर विचारा.

आता तारीख. तुमच्या मनात दोनच वाटा दिसतात: लगेच शस्त्रक्रिया किंवा लांबणीवर टाकणे. खरे तर वाटा अधिक आहेत. ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत पण कधीच दुखले नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्यांना अधूनमधून साधे झटके येतात त्यांच्याबाबत ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना शस्त्रक्रियेच्या यादीत घेतले आणि काहींना वेदनाशामक औषधे व आहाराचा सल्ला देऊन देखरेखीखाली ठेवले. दीड वर्षानंतर दोन्ही गटांच्या शारीरिक वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातील साधारण चौथा हिस्सा रुग्णांचीच तोपर्यंत शस्त्रक्रिया झाली होती. हे मी सांगतो आहे ते दोन कारणांनी. एक म्हणजे, साधे झटके असताना काही आठवडे वाट पाहावी लागली तर अनर्थ ओढवतोच असे नाही. ती धास्ती मनातून काढा. दुसरे म्हणजे, त्या रुग्णांना हाताशी औषध होते आणि त्यांच्यावर डॉक्टरांचे लक्ष होते. तुम्ही ना औषध घेत आहात, ना डॉक्टरांना कळवत आहात, आणि झटके कमी न होता वाढत आहेत. म्हणून 'संक्रांतीनंतर पाहू' हा तुमच्या बाबतीत निर्धास्तपणे घेण्याजोगा निर्णय नाही. माझे स्पष्ट मत असे की तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलू नये. उलट वाढलेल्या झटक्यांची नोंद दाखवून ती अलीकडे आणता येईल का, हे विचारावे. नोंदीसाठी एखादी जुनी डायरी पुरे: दिवस, दुखणे सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, ताप, आधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली. 'फार दुखते हो' यापेक्षा अशा पानभर नोंदी सर्जनांना अधिक सांगतात.

सासूबाईंचा विरोध त्यांनी पाहिलेल्या एका शस्त्रक्रियेतून आला आहे: पोटावर लांबलचक छेद, अनेक दिवस रुग्णालयात, महिनाभर अंथरूण. त्यांच्या तरुणपणी ते तसेच होते. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनमध्ये केली आणि पुढे शंभर वर्षे पद्धत पोट उघडण्याचीच राहिली. दुर्बिणीतून पित्ताशय काढणे जर्मनीत १९८५ मध्ये सुरू झाले आणि भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ते प्रथम केले. आता साधारण चार लहान छिद्रांतून काम होते आणि सगळे सुरळीत असेल तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. धोका मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही: क्वचित पित्तनलिकेला इजा होते, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो, आणि आत फार चिकटलेले आढळले तर सर्जन तेथल्या तेथे पोट उघडण्याचा निर्णय घेतात. तो निर्णय अपयश नसतो, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी असतो, आणि त्याची कल्पना घरच्यांना आधीच असावी. नुसते खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत, हा सासूबाईंचा प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की ज्या पित्ताशयात एकदा खडे झाले त्यात ते पुन्हा होतात. पित्ताशय गेले तरी यकृत पित्त बनवतच राहते आणि ते थेट आतड्यात उतरते. सुरुवातीला काहींना पातळ शौचाचा त्रास होतो, पण बहुतेक माणसे पुढे नेहमीसारखे जेवतात.

खर्चाची चिंता तुम्ही एका ओळीत उल्लेखली आहे. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया त्यात येते. कार्ड चालू आहे का आणि ठरवलेले रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती होण्याच्या दिवशी नव्हे तर आताच पाहून घ्या.

ऑर्डरींविषयी मला सगळ्यांत जास्त लिहावेसे वाटते, कारण खरा अडसर तेथे आहे. दोन वेळा तारीख बदलताना तुम्ही कोणाला तरी दिलेला शब्द पाळलात, आणि त्याबद्दल मला आदर आहे. रुखवताची ऑर्डर म्हणजे कोणाच्या तरी मुलीचे लग्न. ती बिघडू नये ही तुमची तळमळ मी समजू शकतो. पण कढईपाशी उभे असतानाच झटका आला, तर ती ऑर्डर बिघडेलच आणि उकळत्या तेलापाशी वेदनेने वाकलेले माणूस, हा वेगळाच धोका आहे. तेव्हा ज्यांची लग्ने तारखेच्या आसपास आहेत त्यांना आजच फोन करा आणि शस्त्रक्रिया ठरली आहे असे सरळ सांगा. लाडू, चिरोटे, अनारसे यांतले जे आधी करून टिकते ते कोणत्या दिवसापर्यंत देता येईल ते सांगा; उरलेल्यासाठी तुमच्याच ओळखीतील दुसऱ्या सुगरणीचे नाव सुचवा. इंदूरच्या मराठी समाजात अशी कामे करणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात, आणि आज तुम्ही तिला दिलेले काम उद्या ती तुम्हाला देईल. शस्त्रक्रियेनंतर हलकी कामे एक-दोन आठवड्यांत जमू लागतात, पण तेलाने भरलेली कढई आणि पिठाचे डबे उचलायला किती दिवस थांबायचे, ते सर्जनांना विचारून त्याप्रमाणेच तिळगुळाच्या ऑर्डरी घ्या.

तुमच्यासारखाच त्रास असणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि वृद्धांमध्ये ताप किंवा दुखणे सौम्य असूनही आतली सूज गंभीर असू शकते, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे जाण्याचा उंबरठा खाली ठेवावा. गरोदर स्त्रियांनी दुकानातून कोणतेही दाहशामक औषध घेऊ नये. त्यांच्या वेदनेवरही इलाज आहे, पण तो प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. पित्ताशयाला सूज येऊन किंवा खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन ज्यांना एकदा भरती व्हावे लागले आहे, त्यांची गोष्ट साध्या झटक्यांहून वेगळी आहे. त्यांनी 'पुन्हा दुखले तर बघू' असे न म्हणता शस्त्रक्रिया लवकरात लवकर कधी करता येईल, हे घरी जाण्याआधीच विचारावे.

ताई, तुमचे पती तारीख लांबवायला सांगतात ते निष्काळजीपणाने, असे मला वाटत नाही. दुखणे रात्रीचे, तुम्ही ते स्वयंपाकघरात बसून काढता आणि सकाळी सहाला पुन्हा कामाला लागता. त्यांना दिसते ते एवढेच की बायको काम करते आहे. हे पत्र त्यांना वाचायला द्या. नोंदींची डायरी, श्रावणातील सोनोग्राफीचा अहवाल आणि रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट घेऊन दोघे मिळून ओपीडीत जा. संक्रांतीनंतर चालेल का, हा प्रश्न त्यांनी तुमच्यासमोर सर्जनांनाच विचारावा, आणि जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे त्याच दिवशी तारीख पक्की करून यावे.